हस्तिदंताचा गुडघा आणि "कामावर कधी जाऊ?" हा प्रश्न

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज करवत, हातोडी आणि सिमेंट असा सगळा विषय आहे. दीडपट स्पीडवर ऐकणाऱ्यांना एकच विनंती: सालं आली की जरा हळू.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकाच विषयावर बरेच मेसेज आलेत. आईचं, बाबांचं, काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याचा इतिहास सांग ना. आणि त्याखाली, जवळपास प्रत्येक मेसेजमध्ये, दुसरी एक ओळ: ते परत कामावर कधी जातील? पहिल्या ओळीचं उत्तर पुस्तकांत मिळतं. दुसरीचं शोधायला गेले तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या इतिहासात फारच उशिरा विचारला गेलाय. का, तेच आज बघू. मी डॉक्टर नाही, इतिहासवाली आहे. तेव्हा औषधं, व्यायाम, टाके हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तर चला बर्लिनला. साल १८९०.

तिथे थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाचा एक सर्जन होता. नाव ग्रीक, काम जर्मनीत. त्याने क्षयाने खाल्लेला गुडघा काढून त्या जागी हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला. हो, हत्तीच्या सुळ्याचा. हाडाशी तो पक्का बसावा म्हणून राळ, प्युमिस दगडाची पूड, प्लास्टर असली मिश्रणं वापरून पाहिली. म्हणजे 'हाडाचं सिमेंट' ही कल्पनासुद्धा याच माणसाची. क्षय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुप्फुसं येतात, पण तो हाडांत आणि सांध्यांतही जातो. त्या काळी गुडघ्यात क्षय गेला की पर्याय दोनच: पाय कायमचा ताठ करून टाकणं, नाहीतर तो कापणं. ग्लुकला तिसरा रस्ता काढायचा होता.

सुरुवातीला सांधे चालले. मग ज्याची भीती होती तेच झालं. क्षयाचा जंतू आतच होता, त्यात पू झाला आणि हस्तिदंत बाहेर काढावा लागला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली होती. ग्लुकचे वरिष्ठ अर्न्स्ट फॉन बर्गमान यांनी त्याला तिथे हे काम मांडू दिलं नाही, असं सांगतात. गंमत बघा, त्याच परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याची घोषणा केली, जगभर त्याचा गाजावाजा झाला, आणि तो उपाय पुढे फसला. फसलेल्या उपायाला व्यासपीठ मिळालं. हस्तिदंताच्या गुडघ्यातली मूळ कल्पना बरोबर होती, पण ती पुढची काही दशकं अडगळीत पडून राहिली.

मधल्या काळात दुखऱ्या गुडघ्याचं काय करायचे? त्यातला एक उपाय मला फार बोलका वाटतो. सांधा काढून मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना कायमचं जोडून टाकायचं. पाय काठीसारखा ताठ. वेदना संपली, पण वाकणंही संपलं. हा उपाय खास करून कुणाला सुचवायचे माहितीये? तरुण, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला. कारण ताठ पायावर उभं राहून ओझं उचलता येतं. तो बसमध्ये कसा बसेल, जेवायला कसा बसेल, हा प्रश्न मागे राहिला. म्हणजे कामावर परत जाण्याचा विचार अगदीच नव्हता असं नाही. कामकऱ्याचा पाय हा कामासाठीचा खांब, एवढाच तो होता.

आता पन्नासच्या दशकात उडी मारू. स्वीडनमध्ये बोर्ये वॉलडियस यांनी १९५१ मध्ये अॅक्रिलिकची बिजागरी बसवली, पुढे ती धातूची झाली. ब्रिटनमध्ये शियर्स यांनी १९५४ मध्ये धातूची बिजागरी आणली. पेशंट चालायला लागले. पण बिजागरी सैल व्हायची, संसर्ग व्हायचा. यामागचं कारण समजलं तर पुढचं सगळं सोपं जाईल, म्हणून इथे जरा थांबते.

घराच्या दाराची बिजागरी आठवा. ती एकाच अक्षावर फिरते, बस्स. आपला गुडघा तसा फिरत नाही. तो वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर गोल फिरतं, त्याच वेळी मागे घसरतं, आणि शेवटी पाय सरळ करताना किंचित पिळही घेतं. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी हे १८३६ मध्येच लिहून ठेवलं होतं! तरी सव्वाशे वर्षांनी लोक दाराची बिजागरीच बसवत होते. अशी बिजागरी गुडघ्यात बसवली की गुडघ्याला जो पिळ द्यायचाय त्याचा सगळा ताण हाड आणि धातू यांच्या जोडावर येतो. रोज हजारो पावलं. जोड सैल होणार नाही तर काय?

उत्तर आलं ते खुब्याकडून. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये राइटिंग्टन नावाचं हॉस्पिटल आहे, तिथे जॉन चार्नली खुब्याचा सांधा बदलत होते. दातांचे डॉक्टर जे अॅक्रिलिक वापरतात ते त्यांनी हाडात सिमेंट म्हणून घेतलं. खुब्याच्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन निवडलं. होय, तव्यावर असतं तेच. तीनशेच्या आसपास पेशंटना ते बसवलं गेलं, आणि काही वर्षांत ते झिजून आत चीजसारखा लगदा व्हायला लागला. एकेक पेशंट परत ऑपरेशनला. चार्नलींनी ते टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर काय करतं ते पाहिलं होतं, यावरून त्यांनी ते किती मनाला लावून घेतलं ते कळतं.

मग १९६२ मध्ये एक प्लॅस्टिक विकणारा माणूस दारात आला. त्याच्याकडे होतं दणकट पॉलिइथिलीन. ते कापडगिरण्यांच्या मागांमधल्या चाकांसाठी वापरलं जायचं. ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणगावात होते त्यांनी लँकेशायर हे नाव नक्की ऐकलं असेल, कारण मुंबईच्या गिरण्यांतली बरीच यंत्रं तिथूनच यायची. चार्नलींनी तो तुकडा नखाने ओरखडून पाहिला आणि जवळजवळ नाकारलाच. पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो झिजवण्याच्या मशीनवर लावून ठेवला. तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला तेवढं टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं. आज तुमच्या आईच्या गुडघ्यात धातूच्या दोन भागांमध्ये जी गादी बसते, ती याच प्लॅस्टिकच्या घराण्यातली. इतिहासात चार्नलींना 'सर' मिळालं, क्रेव्हनचं नाव तळटिपेत राहिलं. माझ्या हातात असतं तर मी उलट केलं असतं... बरं, निदान दोघांना एका ओळीत बसवलं असतं.

राइटिंग्टनमध्ये शिकायला कॅनडाच्या विनिपेगहून एक तरुण आला, फ्रँक गन्स्टन. हा आधी इंजिनिअर, मग डॉक्टर. त्याने चार्नलींचं सिमेंट आणि प्लॅस्टिक घेतलं, बिजागरी फेकून दिली, आणि हाडांच्या टोकांवर धातूचे धावते पृष्ठभाग बसवून खाली प्लॅस्टिकचे मार्ग दिले. १९६८ साल. गुडघा आता स्वतःच्या पद्धतीने फिरू आणि घसरू शकत होता. आणि या माणसाने त्याचं पेटंट घेतलं नाही.

'नी रिप्लेसमेंट' हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं की अख्खा गुडघा काढून दुसरा लावतात. तसं नाही. दोन्ही हाडांची झिजलेली टोकं थोडी, साधारण आठ-दहा मिलिमीटर, तासतात आणि त्यावर धातूची टोपी आणि पाट बसवतात. मधे प्लॅस्टिक. टायर रिमोल्ड करतात ना, त्याच्या जवळचं काम. तुमचे स्नायू, बाजूच्या बऱ्याचशा शिरा-पट्टे तेच राहतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे सगळी गोष्ट त्यावरच फिरते.

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये १९७४ पासून 'टोटल कॉन्डायलर' नावाचा गुडघा बसायला लागला आणि तिथून आजचा गुडघा सुरू होतो असं मानलं जातं. तिघांची नावं त्याच्याशी जोडली जातात: सर्जन जॉन इन्सॉल, इंजिनिअर पीटर वॉकर, आणि चित्तरंजन रानावत. रानावत आपल्याकडचे, इंदूरला डॉक्टरकी शिकून अमेरिकेत गेलेले. हे नाव थोड्या वेळाने मुंबईत परत येणार आहे.

हा गुडघा टिकला, वेदना गेली, लोक चालले. पण बनवताना समोर पेशंट कोण होता? संधिवाताने अंथरुणाला खिळलेला, किंवा साठी-सत्तरी ओलांडलेला, निवृत्त, पेन्शन घेणारा माणूस. त्याच्याकडून अपेक्षा ही की घरात, अंगणात विनावेदना चालावं. पहिले टोटल कॉन्डायलर गुडघे साधारण ९० अंशांपर्यंत वाकायचे. खुर्चीत बसायला ठीक. आपल्याकडे पाटावर बसून जेवायचं, मांडी घालून आरतीला बसायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, भारतीय पद्धतीच्या संडासात जायचं, यासाठी त्याहून कितीतरी जास्त लागतं. न्यूयॉर्कच्या आजोबांना ते लागत नव्हतं, म्हणून तो आकडा कुणाला खटकला नाही.

१९८९ मध्ये 'नी सोसायटी'ने गुणपत्रिका बनवली. गुडघा बदलल्यावर पेशंट किती बरा झाला हे मोजायची ही पद्धत जगभर वापरली गेली. त्यात १०० गुण सांध्याचे: वेदना, वाकणं, स्थिरता. आणि १०० गुण कार्यक्षमतेचे. या दुसऱ्या शंभरात काय होतं? ५० गुण चालण्याचे, ५० जिने चढण्या-उतरण्याचे, काठी वापरत असाल तर वजा. संपलं. सहा तास उभं राहणं त्यात नाही. ओझं नाही. नोकरी आहे का, कसली आहे, हा रकानाच नाही. पुढे दोन हजार दहानंतर ही पत्रिका सुधारली, त्यात उकिडवं बसणं, गुडघे टेकणं आलं. पण वीस-बावीस वर्षं 'यशस्वी गुडघा' म्हणजे चालणारा आणि जिना चढणारा गुडघा. जे मोजलं जात नाही ते डॉक्टर विचारत नाहीत, आणि जे डॉक्टर विचारत नाहीत ते पेशंटला विचारायचं धाडस होत नाही.

हे मी इतक्या तावातावाने का सांगतेय? कारण आमच्या घरी ते घडलंय.

माझी आई सांगलीत खाणावळ चालवते. कॉलेजची पोरं, दोन बँकांतले लोक, दोन्ही वेळचे मिळून साठ-सत्तर डबे. ती आणि दोन बायका. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, सर्जनच्या हाताला जराही नावं ठेवणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून जे काही कागद भरले, त्यात व्यवसाय या रकान्यात कुणीतरी परस्पर 'गृहिणी' लिहून टाकलं होतं. घरी जाताना सांगितलं, तीन महिन्यांत सगळं नॉर्मल. आई गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "नॉर्मल म्हंजे काय गं? त्यांचं नॉर्मल का माझं?"

घरात एक गट तयार झाला. मोठा मामा, बाबा, आत्या. आता कशाला खाणावळ, पुष्कळ केलंस, बस की घरी. सगळे प्रेमापोटीच बोलत होते. पण खाणावळ बंद म्हणजे त्या दोन बायकांचे पगार बंद, आणि माझ्या धाकट्या भावाची फी त्याच डब्यांतून जात होती. हे गुडघ्याच्या एक्स-रेत दिसत नाही.

यातून वाट काढली ती घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. दुसऱ्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "काकू, मला तुमचं स्वयंपाकघर दाखवा." परात कुठे असते, पोळ्या खाली बसून लाटता का ओट्यावर, एका वेळी किती मिनिटं उभ्या राहता, जड पातेलं कोण उचलतं, बाथरूमपर्यंत किती पायऱ्या. सगळं वहीत लिहून घेतलं. मग व्यायाम ठरवले. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे गुणपत्रिकेत राहून गेलेला रकाना कुणीतरी हाताने आखला, असा होता.

आता ती फिजिओवाली ताई जे करत होती त्याचाही इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस सांगायचे की आजारी सांध्याला सक्तीची, अखंड, दीर्घ विश्रांती द्या. क्षयाच्या सांध्यासाठी त्यात तथ्य होतं, आणि त्यांच्या नावाचा स्प्लिंट आजही हॉस्पिटलांत आहे. त्याच काळात फ्रान्समध्ये ल्युका-शाँपियोनिएर उलट सांगत होते: हालचाल हेच सांध्याचं जीवन. हे भांडण शंभर वर्षं चाललं. सुरुवातीच्या गुडघाबदलात विश्रांतीवाल्यांची सरशी होती. पाय प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये, पेशंट दोन-तीन आठवडे हॉस्पिटलात.

टोरांटोच्या रॉबर्ट साल्टर यांनी १९७० च्या सुमारास सशांवर प्रयोग करून दाखवलं की सांधा सतत हळूहळू हलवत ठेवला तर कूर्चा चांगली भरून येते. त्यातून पाय आपोआप वाकवणारं-सरळ करणारं मशीन निघालं आणि ऐंशीच्या दशकात गुडघा बदललेल्या पेशंटच्या पायाखाली ते सर्रास दिसायला लागलं. तुमच्यापैकी कुणाच्या आजीने ते अनुभवलं असेल, पाय मशीनवर आणि आजी पोथी वाचतेय. पुढे नीट तुलना केल्यावर कळलं की बदललेल्या गुडघ्यासाठी त्याचा फायदा नगण्य आहे. कारण सशांत भरून यायला कूर्चा होती. इथे धातू आणि प्लॅस्टिक आहे, त्याला काय भरून यायचंय? सुधारायचा असतो तो स्नायू. आणि स्नायू दुसऱ्याने हलवून सुधारत नाही.

मघाशी म्हटलं होतं ना, स्नायू तुमचेच राहतात? सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. हाडाचा प्रश्न ऑपरेशन टेबलावरच बराचसा सुटलेला असतो. पण मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या महिन्यात आपली जवळपास निम्मी ताकद गमावतो. सूज आणि वेदना असली की मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही. त्यात ऑपरेशनच्या आधीची चार-पाच वर्षं दुखतंय म्हणून तो पाय कमीच वापरलेला असतो. म्हणून आईला खुर्चीतून उठताना जे जड जायचं ते 'नवा गुडघा बसला नाही' म्हणून नाही, तर जुना स्नायू उठला नाही म्हणून.

आणखी एक माणूस इथे सांगायलाच हवा, डेन्मार्कचे हेन्रिक केलेट. हे हाडांचे डॉक्टर नव्हते, पोटाचे सर्जन. नव्वदच्या दशकात त्यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: ऑपरेशन तर काल झालं, मग पेशंट आज हॉस्पिटलात नेमका कशासाठी आहे? वेदना? मग भूल आणि वेदनाशमन बदला. चक्कर? मग सलाइन आणि औषधं तपासा. नळ्या? काढा. सवय? तीही काढा. हे गुडघ्यापर्यंत पोचलं तेव्हा डेन्मार्कमध्ये हॉस्पिटलातला मुक्काम साधारण दहा वर्षांत दहा-अकरा दिवसांवरून चारच्या आसपास आला. आज आपल्याकडेही पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, त्यामागे हाच विचार आहे.

यात एक छोटं पण लाडकं पात्र: जपानच्या उताको ओकामोतो. त्यांनी नवऱ्यासोबत साठच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रानेक्सामिक अॅसिड शोधलं, बाळंतपणात होणारा रक्तस्राव थांबावा म्हणून. आज गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तेच औषध रक्त कमी जावं म्हणून देतात, आणि रक्त कमी गेलं की माणूस लवकर उभा राहतो. या बाई तान्ह्या लेकीला पाठीला बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. कामावर परत जाण्याचा इतिहास म्हटल्यावर त्यांना वगळणं बरं दिसत नाही.

आता मुंबई. ऑक्टोबर २०००. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी, वय ७५, ब्रीच कँडी रुग्णालयात डावा गुडघा बदलून घेतात. आदल्याच महिन्यात ते अमेरिकन काँग्रेससमोर भाषण करून आलेत आणि तेव्हाच गुडघ्यांनी त्रास दिलाय. ऑपरेशन करणाऱ्या पथकाचे प्रमुख चित्तरंजन रानावत. म्हणजे ज्यांनी न्यूयॉर्कमध्ये हा गुडघा घडवायला हात लावला, त्यांनीच. पुढच्या वर्षी, जून २००१ च्या पहिल्या आठवड्यात, उजवा गुडघा. आणि १४ ते १६ जुलैला आग्रा. मुशर्रफ यांच्याबरोबर शिखर परिषद. उजव्या गुडघ्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते.

आग्र्यात संयुक्त निवेदन निघालं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं दुसरंच काही आवडतं. शहात्तर वर्षांचा माणूस, सहाव्या आठवड्यात, उपखंडातल्या सगळ्यात अवघड बैठकीला हजर. टीव्हीवर अख्ख्या देशाने त्यांना चालताना पाहिलं. माझी आजी कितीतरी वर्षं 'नी रिप्लेसमेंट' म्हणायचीच नाही. ती म्हणायची, "वाजपेयींचं ऑपरेशन."

पण तुलना करताना सांभाळून बरं का. पंतप्रधानांचं काम खुर्चीत येतं. फायली येतात, मंत्री येतात, परदेशी पाहुणाही येतो. गाडी पायरीशी लागते. त्यांनी आग्र्यात सत्तर डब्यांच्या पोळ्या लाटल्या नाहीत. "वाजपेयी महिन्याभरात उभे राहिले, तुला काय झालं?" असं घरातल्या कुणाला ऐकवणारे काका आमच्याकडेही होते. त्यांना मी नम्रपणे लाटणं देऊ केलं.

संशोधकांनी पेशंटच्या नोकरीकडे नीट बघायला सुरुवात केली ती खरं तर याच्याही नंतर, कारण पेशंटचं वय खाली यायला लागलं. पन्नाशीतले, नोकरीतले लोक टेबलावर यायला लागले. २०११ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. गुडघा बदललेले नोकरदार मधल्या आकड्याने पाहिलं तर साधारण नऊ आठवड्यांत कामावर परतले होते. लवकर कोण परतलं? ज्यांना कामावर परत जायची निकड वाटत होती ते इतरांच्या निम्म्या वेळात. शिवाय बायका, स्वतःचा धंदा असणारे, मनाने खंबीर असणारे, आणि ज्यांच्या कामाच्या जागी रॅम्प, लिफ्ट, बसायची सोय होती ते. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग हे शोधायला अमेरिकेला कशाला जायचं?"

तिचं वेळापत्रक असं झालं. सहाव्या आठवड्यात खुर्चीवर बसून हिशेब, भाजी निवडणं, डबे भरताना नजर. नवव्यात सकाळचा एकच वेळ, उंच स्टुलावर टेकून, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालणं. पोळपाट जमिनीवरून टेबलावर आला. मोठं पातेलं उचलायचं काम कायमचं दुसऱ्याकडे गेलं, यावरून ती आठवडाभर रुसली होती. संध्याकाळी पाय सुजायचा, मग उशीवर ठेवून बर्फ. दोन्ही वेळ पूर्ण सुरू व्हायला साडेचार महिने लागले. तीन महिन्यांचा आकडा चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या कुठल्यातरी कामाचा होता.

पैशाचं राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सेट सरासरी दीड लाखाच्या वर विकला जायचा, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये झाली, वर कर. इम्प्लांट हा बिलाचा एक भाग आहे, खोली, भूल, फिजिओ हे वेगळं. तरी या एका निर्णयाने ऑपरेशन अनेक घरांच्या आवाक्यात आलं. पण ऑपरेशननंतरचे महिने? कारखान्यात, ईएसआयमध्ये असाल तर आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के. ९१ दिवस, म्हणजे तेच तीन महिने. आणि खाणावळवाली, धुणंभांडीवाली, भाजीवाली, शेतात भांगलणारी? त्यांच्या गुडघ्याची किंमत सरकारने बांधून दिली, पण त्या महिन्यांतल्या मजुरीचं काहीच नाही. म्हणून त्या ऑपरेशन पुढे ढकलतात, गुडघा आणखी वाकडा होतो, स्नायू आणखी जातो, आणि मग परत उभं राहायला आणखी वेळ. आमच्या खाणावळीतल्या एक मावशी नेमक्या इथेच अडकल्यात. दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. आईने ठरवलंय की त्या ऑपरेशनला गेल्या तर चार महिने पगार चालू ठेवायचा. सध्या ती त्याचं गणित डब्याच्या दरात बसवतेय, आणि पोरं कुरकुर करणार हे तिला माहीत आहे.

ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी: डॉक्टरांना भेटायला जाताना कामाचा एक फोटो फोनमध्ये न्या. दुकानाचा गल्ला, वर्गातला फळा, शिलाई मशीन, रिक्षाची सीट, काहीही. "हे काम आहे, यावर कधी आणि कसं परत जायचं?" असं दाखवून विचारा. आमच्या ताईंनी जे घरी येऊन पाहिलं ते निदान स्क्रीनवर तरी दिसेल.

तुमच्याकडे कुणी कामावर परतलं असेल तर कोणतं काम, किती आठवडे, काय बदललं, एवढं व्हॉइस नोटवर पाठवा, मिनिटभराचं. पुढचा भाग चष्म्यावर आहे, शुक्रवारी. भेटूच.